नेम, अंदाज आणि टप्पा : धनुर्विद्येतील वेग व अचूकता यांचा विचार

१

धनुर्विद्येच्या इतिहासासंबंधी एक समज सर्वसामान्यपणे रूढ आहे. बाण जितका वेगवान तितके धनुष्य प्रगत, आणि जितका मंद तितके ते मागासलेले, असा तो समज होय. या मापाने पाहिले म्हणजे सातपुड्यातील भिल्लाचे वेळूचे धनुष्य शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर, आणि कप्प्या व तारा लावलेले आजचे 'कंपाउंड' धनुष्य सर्वांत वरच्या पायरीवर बसते. मधल्या सर्व धनुष्यांची मांडणीही मग वेगाच्या चढत्या क्रमाने करता येते. ही मांडणी सोयीची आहे. परंतु ती ज्या मापावर उभारली आहे, ते मापच तपासून पाहणे अवश्य आहे. कारण धनुष्याचा हेतू बाण वेगाने सोडणे हा नसून तो इष्ट स्थळी पोहोचविणे हा आहे, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत.

या प्रश्नात एक भाषिक घोटाळाही आहे. 'वेग' हा एकच शब्द आज दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सुटलेल्या बाणाची गती ही एक, आणि एकामागून एक बाण सोडणाऱ्या हाताची चपळाई ही दुसरी. जुन्या ग्रंथकारांनी हा घोटाळा केलेला नाही. त्यांच्याकडे हाताच्या चपळाईला 'लाघव', बाणाच्या पल्ल्याला 'दूरपात', आघाताच्या बळाला 'दृढप्रहार' आणि अचूकतेला 'लक्ष्यवेध' असे निरनिराळे शब्द होते. मराठीनेही पुढे आपल्या परीने तीन शब्द घडविले अथवा स्वीकारले : नेम, अंदाज आणि टप्पा. धनुर्विद्येतील वेग आणि अचूकता यांचा संबंध या तीन शब्दांच्या आधारे जितका स्पष्ट होतो, तितका केवळ वेगाच्या आकड्यांनी होत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न आहे.

२

प्रथम महाभारताकडे वळू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व डॉ. वि. सी. सुखटणकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यात द्रोणाचार्यांच्या शिष्यांचे वर्णन करताना अर्जुन 'लाघव' आणि 'सौष्ठव' या दोन गुणांत सर्वांहून अधिक होता, असे म्हटले आहे. चपळाई आणि हालचालीतील नेटकेपणा हे येथे वेगवेगळे गुण म्हणून मोजले आहेत. अंधारात जेवताना हात सवयीने तोंडाकडेच जातो, हे ध्यानी येताच अर्जुन रात्री शरसंधानाचा अभ्यास करू लागला, ही कथा सर्वपरिचित आहे. तिचा रोख वेगावर नाही. हाताला लागलेले वळण हाच अचूकतेचा पाया होय, असे ती सांगते.

एकलव्याची कथा या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने एकदम सात बाण मारले. हे पाहून पांडवांना जे दोन गुण जाणवले आणि ज्यांमुळे ते लज्जित झाले, ते महाकाव्याने नावानिशी सांगितले आहेत : लाघव आणि शब्दवेधित्व. पहिला गुण हाताच्या चपळाईचा, दुसरा केवळ आवाजावरून लक्ष्य वेधण्याच्या अचूकतेचा. पुढे गुरुदक्षिणेत अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनी धनुष्य ओढू लागला. परंतु तो पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही, असे ग्रंथ म्हणतो. येथे शब्दयोजना काळजीपूर्वक वाचली पाहिजे. त्याचा नेम गेला असे महाभारताने म्हटलेले नाही. त्याची शीघ्रता उणावली, एवढेच म्हटले आहे.

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. प्रत्यंचा ओढण्याच्या दोन प्रमुख पद्धती इतिहासात आढळतात. मध्य आशियात आणि पुढे मोगलांच्या काळी हिंदुस्थानात प्रत्यंचा अंगठ्याने ओढीत. त्यासाठी अंगठ्यात घालावयाच्या कड्याला फारसीत 'जिहगीर' म्हणत, आणि संगयशबाची मोगल जिहगीरे आजही वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात. या पद्धतीत उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगास राहतो व तो झटपट चढविता येतो. युरोपात मात्र तीन बोटांनी ओढण्याची रीत रूढ झाली. एकलव्याच्या कथेत अंगठ्याची पद्धत गृहीत धरल्याखेरीज त्या दक्षिणेला अर्थच उरत नाही. उलट आजच्या ऑलिंपिकमधील 'रिकर्व्ह' धनुर्धर प्रत्यंचा बोटांनीच ओढतात, आणि ७० मीटरांवरून १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या मध्यवर्तुळात बाण बसवितात. तात्पर्य, एकलव्याकडून हिरावली गेली ती रणांगणावरची चपळाई होय. अचूकतेला अंगठा अनिवार्य नाही. महाकाव्याच्या कर्त्याला हा भेद ठाऊक होता, असेच त्याच्या शब्दावरून म्हणावे लागते.

३

लाघव आणि प्रहार यांतील विरोध प्राचीन युद्धांतही प्रत्ययास आला. अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस याच्या वृत्तान्ताच्या आधारे एरियन या ग्रीक लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भारतीय पायदळाच्या धनुष्याचे वर्णन केले आहे. ते धनुष्य धनुर्धराच्या उंचीएवढे असे. त्याचे टोक जमिनीवर टेकवून व डाव्या पायाचा रेटा देऊन ते ओढीत. बाण तीन हातांहून किंचित आखूड असे, आणि त्यापुढे ढाल वा चिलखत टिकत नसे. हा दृढप्रहाराचा परमोत्कर्ष होता. परंतु इ. स. पू. ३२६ मध्ये वितस्तेच्या काठी पोरसाच्या सैन्याला त्याची किंमत मोजावी लागली. रोमन इतिहासकार कर्टिअस याच्या म्हणण्याप्रमाणे जमीन निसरडी झाल्यामुळे ती जड धनुष्ये टेकवून ओढणे कठीण झाले, आणि बाण सुटण्यापूर्वीच शत्रू येऊन भिडला. बाणाचे बळ कमी पडले नाही; ते वापरण्यास लागणारा अवधी मिळाला नाही.

जड बाण आणि हलका बाण यांतील निवड ही धनुर्विद्येतील सनातन निवड आहे. एकाच धनुष्यातून सोडलेल्या दोन बाणांना साधारणपणे सारखीच ऊर्जा मिळते असे धरले, तर दुप्पट वजनाच्या बाणाची गती सुमारे सात-दशांश होते, परंतु त्याचा संवेग सुमारे १.४ पट होतो. प्रत्यक्षात जड बाण धनुष्यातील ऊर्जेचा अधिक वाटा उचलतो. हलका बाण सुटून गेल्यावर उरलेली ऊर्जा धनुष्याच्या कंपात व आवाजात जाते. म्हणून हलका बाण वेगाने निघतो, पण गाजावाजा करून निघतो, आणि हवेत आपला वेगही लवकर गमावतो. जड बाण सावकाश निघतो, पण खोल रुततो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणी या निवडीची शासकीय नोंदच आढळते. मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांच्या संपादनाखाली १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ अभ्यासकांस सुलभ झाला. धनुष्ये ताडाची, वेळूची, लाकडाची व शिंगाची; प्रत्यंचा मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू व स्नायू यांच्या; असा तपशील तेथे आहे. संस्कृतातील 'मौर्वी' हा प्रत्यंचावाचक शब्द याच मूर्वा वनस्पतीवरून आला. बाणांच्या अग्रांचे कार्यानुसार तीन वर्ग सांगितले आहेत : छेदन, भेदन आणि ताडन. म्हणजे कापणारे, भोसकणारे आणि ठोकणारे. कोणता बाण अधिक वेगवान, हा प्रश्न कौटिल्याने विचारलेला नाही. कोणता बाण कोणत्या कामाचा, एवढेच त्याने नोंदले आहे.

४

हे त्रिविध वर्गीकरण ग्रंथात जन्मले आणि ग्रंथातच राहिले, असे मात्र नाही. रा. व्हि. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींचा जो चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात भिल्लांच्या धनुष्याचे वर्णन आहे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला होता व या ग्रंथाच्या वेळी तो मध्यप्रांतातच मोडत होता. वर्णनानुसार भिल्लाचे धनुष्य जवळजवळ संपूर्ण वेळूचे असून त्याची प्रत्यंचा वेळूच्याच लवचिक सालीची असते. बाण सुमारे एक वार लांब. त्याचे लोखंडी अग्र एकतर सुरीसारखे चपटे व धारदार, नाहीतर खिळ्यासारखे गोल. आणि पक्षी पाडण्यासाठी गाठीसारखे बोथट टोक असलेले निराळे बाण. सुरी, खिळा आणि गाठ, म्हणजेच छेदन, भेदन आणि ताडन. वेळूची प्रत्यंचाही कौटिल्याच्या यादीतलीच. यावरून एकाने दुसऱ्यापासून उसने घेतले, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. गरजा सारख्या असल्या म्हणजे उत्तरेही सारखी निघतात, एवढे म्हणणे पुरेसे आहे. परंतु राजाच्या आयुधागारात जे शास्त्र म्हणून मान्य होते, तेच डोंगरातील माणसाच्या भात्यात असले म्हणजे रानटीपणाचे लक्षण कसे ठरते, हा प्रश्न यातून उपस्थित होतो.

या धनुष्यावरचा मुख्य आक्षेप त्याच्या मंद वेगाचा. तेव्हा तो हिशेबानेच तपासून पाहणे योग्य. समजा, वेळूच्या धनुष्याचा बाण सेकंदास ४० मीटर जातो आणि आजच्या यांत्रिक धनुष्याचा ९० मीटर. हवेचा विरोध सोडून देऊ. धनुर्धराने सावज २० मीटरांवर आहे असे समजून नेम धरला; वस्तुतः ते १८ मीटरांवर होते. मंद बाण इष्ट स्थळाच्या सुमारे ११ सेंटिमीटर वर लागेल. वेगवान बाण अवघा २ सेंटिमीटर. वेगाचा हा लाभ खरा आहे व तो मोठा आहे. आता दुसरी चूक घेऊ. अंतराचा अंदाज बिनचूक आहे, पण सोडताना हात अर्ध्या अंशाने बाजूस कलला. २० मीटरांवर ही चूक सुमारे १७ सेंटिमीटरांची होते, आणि ती दोन्ही बाणांना अगदी सारखीच होते. वेग येथे काहीच साहाय्य करीत नाही. याचा अर्थ असा की वेग अंदाजाची चूक झाकतो. नेमाची चूक झाकीत नाही.

शिकाऱ्याच्या बाबतीत तिसरी अडचण उद्भवते. सावज हे लक्ष्यफलक नव्हे. प्रत्यंचेचा आवाज कानी पडताच ते अंग आकसून उसळी घेते. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. २० मीटर अंतर तो ०.०६ सेकंदात काटतो. मंद बाणाला तेच अंतर जाण्यास ०.५ सेकंद लागतो, वेगवान बाणाला ०.२२. म्हणजे आवाज ऐकल्यापासून सावजाला पहिल्या प्रसंगी ०.४४ आणि दुसऱ्या प्रसंगी ०.१६ सेकंदाचा अवधी मिळतो. कोणतेही धनुष्य आवाजाला मागे टाकू शकत नाही, हा शिकाऱ्याच्या वेगसाधनेचा अंतिम बांध होय.

मग वेळूचे धनुष्य हाती घेणाऱ्याने काय करावे? त्याचे उत्तर मराठीतील एका वाक्प्रचारात सामावलेले आहे : सावज टप्प्यात येणे. अंतर २० मीटरांवरून १० मीटरांवर आणले म्हणजे त्याच मंद बाणाची अर्ध्या अंशाची चूक सुमारे ९ सेंटिमीटरांवर येते. दोन मीटर अंतर चुकल्याने होणारी चूक सुमारे ५ सेंटिमीटरांवर येते. आणि सावजाला मिळणारा अवधी ०.२२ सेकंदांवर येतो. यंत्राने वेग दुपटीहून अधिक वाढविला तेव्हा तीनपैकी दोन उणिवा कमी झाल्या. शिकाऱ्याने अंतर निम्मे केले तेव्हा तिन्ही कमी झाल्या. अर्थात् अंतर निम्मे करणे फुकट होत नाही. वाऱ्याची दिशा, पाणवठ्याची वाट, पावलाखालच्या पाचोळ्याचा आवाज आणि तासन् तास निश्चल बसण्याची शक्ती एवढ्यांचे मोल त्यासाठी द्यावे लागते. वेगवान धनुष्यात जी विद्या कारखान्यात खर्ची पडते, ती येथे माणसाच्या अंगी असावी लागते. म्हणून वेळूच्या धनुष्याचे मोल ठरविताना केवळ धनुष्याचे मोजमाप करणे अपुरे आहे. धनुष्य आणि ते वापरणाराची वनविद्या मिळून एक साधन होते.

५

विसाव्या शतकात धनुर्विद्येचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला, तेव्हा वेगाच्या आणखी एका मर्यादेचा उलगडा झाला. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग इत्यादी पदार्थवैज्ञानिकांनी १९३० नंतरच्या दशकात शीघ्रगती छायाचित्रणाच्या साहाय्याने दाखवून दिले की सुटताना बाण सरळ राहत नाही. तो वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि पुढे कंप पावत पावत सरळ होतो. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या बळाशी जुळला नाही, तर अधिक बळाने अधिक अचूकता येण्याऐवजी बाण भलतीकडेच जातो. शिवाय चपट्या धारदार अग्राला वेगात हवा अधिक जोराने ढकलते. अग्र किंचित तिरपे बसले असेल, तर पिसांनी सावरण्यापूर्वीच ते बाणाला वाट सोडावयास लावते. बाणाचा वेग वाढविला की कारागिरीतील प्रत्येक उणीवही त्याबरोबर मोठी होते.

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या होलेस विल्बर अ‍ॅलन याने कप्प्यांच्या धनुष्यासाठी १९६६ मध्ये एकस्वाचा अर्ज केला व १९६९ मध्ये त्याला ते मिळाले. या शोधाचे श्रेय सामान्यतः वेगाला दिले जाते. तथापि त्याचा अधिक दूरगामी परिणाम निराळाच आहे. पूर्ण ओढल्यावर कप्प्यांमुळे हातावरील भार एकदम मोठ्या प्रमाणात उतरतो, आणि धनुर्धराला थरथर न होता नेम स्थिर करण्यास उसंत मिळते. म्हणजे ज्या यंत्राला वेगाचे यंत्र समजले जाते, ते वस्तुतः नेमाचेही यंत्र आहे.

याचा पडताळा विदर्भाच्याच एका धनुर्धराच्या पराक्रमात मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने कंपाउंड प्रकारात पुरुषांचे वैयक्तिक विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात १५ बाणांचे १५० पैकी १५० गुण त्याने घेतले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण १४९ होते. त्याच स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील १७ वर्षांची आदिती स्वामी महिलांची जगज्जेती झाली. दोघांचेही शिक्षण सातारा येथे झाले. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरांवर असते व १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो. धनुष्याचा भार नियमानेच ६० पौंडांच्या मर्यादेत ठेवलेला असल्यामुळे स्पर्धकांच्या बाणांच्या वेगात फारसे अंतर राहत नाही. लक्ष्याचे अंतरही ठरलेले व ठाऊक असते. म्हणजे वेग ज्या चुकीवर उतारा आहे, ती अंदाजाची चूक येथे मुळातच उद्भवत नाही. वाऱ्याने बाण कमी ढळतो, एवढाच वेगाचा लाभ शिल्लक राहतो. १५० आणि १४९ यांमधील एका गुणाचे अंतर हे वेगाचे अंतर नव्हते. ते नेमाचे होते.

६

आता आरंभीच्या तीन शब्दांकडे पुन्हा पाहता येईल. 'तिरंदाज' हा शब्द फारसीतून आला. त्यातील 'तीर' अवेस्तातील 'तिग्रि' या बाणवाचक शब्दाशी आणि संस्कृतातील 'तिग्म', म्हणजे तीक्ष्ण, याच्याशी नात्याने जोडलेला आहे. उत्तरपद 'अंदाज' हे फेकणे या अर्थाच्या 'अंदाख्तन' या क्रियापदाचे अंग होय. त्याच क्रियापदाला मध्ययुगीन फारसीत योजणे, अजमावणे असाही अर्थ होता, आणि मराठीने 'अंदाज' हा शब्द अजमावण्याच्या अर्थानेच आपलासा केला. फेकणे आणि अजमावणे यांचे हे साहचर्य यदृच्छेचे नाही. ज्याला फेकावयाचे आहे त्याला अंतर अजमावावेच लागते. 'नेम' हा शब्द संस्कृत 'नियम' याचे मराठी रूप. नित्याचे व्रत तेही नेम, आणि लक्ष्यावर स्थिर केलेली दृष्टी तीही नेम. अंधारात अभ्यास करणाऱ्या अर्जुनाच्या कथेत जे सांगितले आहे, तेच मराठीने एका शब्दात साठविले आहे. 'टप्पा' हा तिसरा शब्द, शिकाऱ्याच्या संयमाची मर्यादा दाखविणारा. या तिहींपैकी एकही शब्द वेगवाचक नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने शिकार दंडनीय ठरविली, आणि ते योग्यच झाले. शहरे आणि शेती यांच्या रेट्यात उरलेली वने वाचविण्यास दुसरा मार्ग नव्हता. वर्धा शहरास लागून असलेले सावंगी (मेघे) आज वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. त्याच जिल्ह्यातील बोर येथील वन १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. तेथे धनुष्य घेऊन सावजाची वाट पाहत बसणाऱ्याला आता स्थान नाही. परंतु शिकार थांबली म्हणून शिकाऱ्याच्या विद्येविषयीचा चुकीचा निर्णय तसाच राहू द्यावा, असे होत नाही. प्रत्यंचेची साल कोणत्या वेळूची व कोणत्या ऋतूत काढावी, कोणते अग्र कोणत्या सावजास, किती पावलांवर बाण सोडावा आणि कोठे न सोडता परतावे, हे ज्ञान भिल्ली, कोरकू, गोंडी आणि माडिया या बोलींतील शब्दांत साठविलेले आहे. वस्तू वस्तुसंग्रहालयात ठेवता येते. तिच्याभोवतीची शब्दसृष्टी बोलणाऱ्याबरोबरच जाते. भिंतीवर टांगलेल्या धनुष्याचा वेग उद्या कोणीही मोजू शकेल, आणि तो आकडा पाहून त्याला मागासलेले ठरविणेही सोपे जाईल. त्याचा टप्पा मात्र त्याच्या लाकडात मोजता येणार नाही. तो सांगणारी माणसे अद्याप आहेत, तोवर ते शब्द नोंदवून ठेवणे हे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य होय.